दुबार बिल आणि वडिलांचा रात्रीचा फोन

प्रश्न : माझी मुलगी बी.कॉम. झाली आणि दोन महिन्यांपूर्वी एका कंपनीच्या अकाउंट्स विभागात लागली. सहा महिने प्रोबेशन आहे. अभ्यासात ती कायम पुढे असायची, पण ऑफिसात कामाचा ताण आला की तिच्याकडून चुका होतात. ती सावध राहावी म्हणून मी रोज रात्री फोन करून 'आज काही चुकलं नाही ना' असं विचारतो. गेल्या आठवड्यात एका पुरवठादाराचं एकच बिल तिच्याकडून दोनदा नोंदलं गेलं आणि पैसेही दोनदा गेले. तिच्या ते लक्षात आलं, बाकी कुणाच्या नाही. प्रोबेशन संपेपर्यंत गप्प राहा, असं मी तिला सांगितलं आहे. प्रत्येक काम ती वहीत लिहून, यादीवर टिक करत करते, तेही मला कमीपणाचं वाटतं. एकाग्रता वाढवणारा एखादा कोर्स सुचवाल का? की नोकरी सोडून तिनं बँकेच्या परीक्षा द्याव्यात?
– एक वडील

उत्तर : तुम्ही विचारलेल्या दोन्ही प्रश्नांपेक्षा मला काळजी वाटली ती 'गप्प राहा' या तुमच्या सल्ल्याची. तो चुकीचा आहे आणि आज रात्रीच मागे घ्या. उद्या ऑफिसात गेल्यावर बाकी कशालाही हात लावण्याआधी तिनं ही गोष्ट वरिष्ठांना सांगायला हवी.

असं का म्हणतो, ते नीट सांगतो. एक बिल दोनदा नोंदलं जाणं ही अकाउंट्समधली जुनी, सगळ्यांच्या ओळखीची चूक आहे. सॉफ्टवेअर बिल क्रमांक ताडून दुबार नोंद पकडतं खरं, पण एकदा '०४५' आणि एकदा नुसतं '४५' टाइप झालं, तर अनेकदा त्याला ती दोन वेगळी बिलं वाटतात. कंपनीच्या हिशेबात मग दोन बिलं दिसतात, दोन पेमेंट दिसतात आणि शिल्लक शून्य. म्हणून आज कुणाला काही खटकत नाही. पुरवठादाराच्या हिशेबात मात्र तेवढी रक्कम जास्तीची जमा असते. त्याचा खातेउतारा मागवून जुळवणी केली की फरक वर येतो. आज हे कळलं, तर पैसे परत मागवता येतील किंवा पुढच्या बिलातून वळते करता येतील. दोन फोन आणि एका मेलचं काम आहे.

तेच ऑडिटमध्ये निघालं तर प्रश्नच बदलतो. पैसे दोनदा कसे गेले, एवढ्यावर चौकशी थांबत नाही. तिला माहीत होतं, तर ती बोलली का नाही, हे विचारलं जातं. दुबार पेमेंट हा अफरातफरीचाही एक मार्ग असल्यामुळे ऑडिटर अशा नोंदी मुद्दाम शोधतात. नवख्या मुलीची टायपिंगची चूक कुणीही समजून घेईल. माहीत असून दडवलेली रक्कम समजून घ्यायला फार थोडे लोक तयार होतील. तुम्ही तिची नोकरी वाचवायला निघालात आणि पणाला लावलात तिचा प्रामाणिकपणा. इतकं स्पष्ट लिहिलं म्हणून रागावू नका, पण हे सौम्य शब्दांत सांगण्यासारखं नाही.

सांगताना तिनं लांबण लावू नये. कोणतं बिल, किती रक्कम, दोन्ही पेमेंट कोणत्या तारखांना गेली, हे आधी सांगावं. मग 'माझ्या बाकीच्या नोंदी मी आजच पुन्हा तपासते' हे सांगावं. अर्थात त्या खरोखर तपासाव्यात. शेवटी, पुरवठादाराला मेल मी पाठवू की तुम्ही बोलाल, एवढं विचारावं. बिल नोंदवतो एक आणि पेमेंट मंजूर करतो दुसरा, अशी पद्धत बहुतेक ठिकाणी असते. म्हणजे ते बिल आणखी कुणाच्या तरी नजरेतूनही निसटलं असणार. ते तिनं बोलून दाखवू नये, पण तिला स्वतःला ठाऊक असावं. चार दिवस का थांबलीस असं विचारलं, तर घाबरले होते असं खरं सांगावं. तुमचं नाव पुढे करू नये.

आता तुमच्या पत्रातला गैरसमज. धाक असला की माणूस सावध राहतो, असं तुम्ही धरून चालला आहात. घरोघरी हेच मानलं जातं आणि त्यापायी हुशार मुलांचे हाल होतात. आपलं मन एका वेळी मोजक्याच गोष्टी धरून ठेवू शकतं. मानसशास्त्रज्ञांच्या एका मान्य अंदाजानुसार साधारण चार. 'आज चुकलं तर रात्री बाबांना काय सांगू' ही त्यातलीच एक झाली, तर बिलाची रक्कम, तारीख आणि खात्याचं नाव यांना तेवढी जागा कमी पडते. घाबरलेला माणूस एकच आकडा तीनदा तपासतो आणि त्याच्या खालची ओळ बघतच नाही. धाकाचा दुसरा परिणाम आणखी वाईट. एमी एडमंडसन या अमेरिकन संशोधिकेनं रुग्णालयांतल्या परिचारिकांच्या गटांचा अभ्यास केला, तो १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला. चांगल्या गटांत चुका कमी सापडतील अशी त्यांची अपेक्षा होती. नोंदल्या गेलेल्या चुका निघाल्या त्या चांगल्या गटांतच जास्त. तिथल्या परिचारिका न घाबरता चूक सांगत होत्या, म्हणून ती नोंदली जात होती, असा अर्थ त्यातून पुढे आला. जिथे धाक होता, तिथे चुका झाकल्या जात होत्या.

तुमच्या रात्रीच्या फोनवर नेमकं हेच होतं आहे. 'आज काही चुकलं नाही ना' या प्रश्नाला 'नाही' एवढं एकच उत्तर चालतं. दोन महिने ती ते देत असेल. तरीही दुबार बिलाची गोष्ट तिनं सगळ्यात आधी तुम्हाला सांगितली. हा केवढा मोठा विश्वास आहे, हे तुमच्या पत्रात कुठेच जाणवलं नाही, आणि मला त्याचंच जास्त वाईट वाटलं. फोन बंद करू नका, प्रश्न बंद करा. आज काय नवीन शिकलीस, जेवायला वेळ मिळाला का, हे विचारा. किंवा काहीच विचारू नका, तिला बोलू द्या.

वहीबद्दल तर तुम्ही तिचं कौतुक करायला हवं होतं. ३० ऑक्टोबर १९३५ रोजी अमेरिकेत बोइंगचं एक नवं बॉम्बर विमान लष्कराच्या चाचणीत उडताच कोसळलं. चालवणारे नवखे नव्हते, कसलेले वैमानिक होते. जमिनीवर उभ्या विमानाच्या शेपटाकडचे हलते भाग वाऱ्यानं हलू नयेत म्हणून लावतात तो खटका उड्डाणाआधी काढायचा राहून गेला होता. त्यानंतर वैमानिकांसाठी तपासणीची छापील यादी आली आणि आजही ती वाचल्याशिवाय विमान उडत नाही. तुमच्या मुलीला ही अक्कल दोन महिन्यांत आली, ती तिच्याकडून काढून घेऊ नका.

तिच्यासाठी थोडं कामाचं. मध्येच कुणी हाक मारली, फोन आला, तर अर्धवट नोंद तिथूनच पुढे नेऊ नये. परत आल्यावर ते बिल पहिल्यापासून धरावं. निम्म्या चुका तिथेच घुसतात, असा माझा अनुभव आहे. काम तोंडी मिळालं, तर आपल्या शब्दांत परत म्हणून दाखवावं. 'अर्जंट आहे' असं कुणी म्हटलं की 'किती वाजेपर्यंत?' हे विचारायला लाजू नये, बरेचदा उत्तर 'संध्याकाळपर्यंत' असं निघतं. आणि जिथून मागे येता येत नाही, म्हणजे पेमेंटची फाइल चढवताना, मेल पाठवताना, तिथे दरवेळी हात थांबवून आकडा पुटपुटत वाचावा. घाई खरोखरची असेल तेव्हा तर नक्कीच. बिल क्रमांक कसा टाइप करायचा, पुढची शून्यं घ्यायची की नाही, याचा सगळ्या विभागासाठी एक नियम ठरवा, असंही तिनं सुचवावं. नव्या माणसाची अशी सूचना वरिष्ठांच्या लक्षात राहते.

एकाग्रतेचा कोर्स नको. बँकेच्या परीक्षा तिला मनापासून द्यायच्या असतील तर नोकरी सांभाळून देता येतील. पण या चुकीपासून पळण्यासाठी नको, बँकेतही आकडेच आहेत आणि तिथेही प्रोबेशन असतं.

सांगितल्यावर वरिष्ठ रागावतील, कदाचित दोन दिवस तिच्या नोंदी कुणी दुसरं तपासेल. ते सोसावं लागेल. चूक स्वतःहून सांगितली म्हणून चारचौघांत तिचा अपमान झाला, तर मात्र ती जागा तिच्यासाठी योग्य आहे का, याचा विचार करू. त्यासाठी पुढचं पत्र तिनं लिहावं.