वाचक विचारतात : कॅलेंडरवरच्या निळ्या खुणा

मागच्या अंकात तोफेच्या नळीतला दाब कसा मोजतात यावर मी लिहिलं होतं. त्यानंतर बरीच पत्रं आली. ज्यांनी तो लेख वाचला नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगतो : १९७५ साली फिजिक्समध्ये एमएस्सी करून मी पुण्यात पाषाणच्या एआरडीईत, म्हणजे संरक्षण खात्याच्या शस्त्रास्त्र संशोधनाच्या प्रयोगशाळेत, लागलो आणि २०११ साली, साठावं संपल्यावर, तिथूनच निवृत्त झालो. आलेल्या पत्रांतली चार इथे घेतली आहेत. पहिल्याला जास्त जागा दिली आहे, कारण ते वाचल्यावर मी आणि सौ. रात्री बाराएक वाजेपर्यंत बोलत बसलो होतो.

माझे बाबा संरक्षण खात्याच्या एका प्रयोगशाळेत शास्त्रज्ञ होते. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली. दिवसभर पेपर वाचतात, संध्याकाळी फिरून येतात, बोलत मात्र नाहीत. माझ्या मुलाला शाळेत ‘माझे आजोबा’ असा प्रकल्प होता. त्याने विचारलं तर म्हणाले, ‘नोकरी केली.’ वही कोरीच राहिली. त्यांना बोलतं कसं करू?
— एक वाचक, ठाणे

ताई, बाबांच्या गप्प बसण्याचा अर्धा भाग कायद्याचा आहे. त्याला हात लावू नका. १९२३चा ऑफिशियल सीक्रेट्स ॲक्ट आम्हाला निवृत्तीनंतरही लागू असतो. कुठल्या शस्त्रावर काम केलं, ते कुठे कमी पडलं, हे ते सांगणार नाहीत आणि त्यांनी सांगूही नये. उरलेला अर्धा भाग मात्र सवयीचा आहे. संध्याकाळी गेटवर पास दाखवून बाहेर पडलं की ऑफिस तिथेच ठेवून यायचं. तीस-पस्तीस वर्षं हे अंगात मुरलं की डब्यात भाजी कुठली होती तेही माणूस घरी सांगेनासा होतो. माझं तसंच झालं. मुलीच्या शाळेच्या फॉर्मवर ‘वडिलांचा व्यवसाय’ या रकान्यात मी ‘सरकारी नोकरी’ लिहायचो. तिला बरीच वर्षं मी कचेरीत कारकून आहे असंच वाटत होतं.

१९९९च्या जूनमध्ये तिचा दहावीचा निकाल लागला तेव्हा मी टूरवर होतो. कारगिलचे दिवस होते. एसटीडी बूथवरून फोन केला. तिने टक्के सांगितले आणि विचारलं, ‘बाबा, तुम्ही आहात कुठे?’ मी म्हणालो, ‘आहे इकडेच.’ पुढे काही सुचलं नाही. मागे रांगेत माणसं उभी होती, मीटर पळत होता. ‘इथे फार ऊन आहे गं, आणि सकाळपासून तुझ्या निकालाचाच विचार करतोय’ एवढं म्हणायला कुठला कायदा आडवा येत नव्हता. ते मी बोललो नाही, ही गोष्ट मला अजून लागून राहिली आहे.

म्हणून सांगतो, ‘काय बनवलंत’ असं त्यांना विचारूच नका. ‘कसं मोजायचात’ ते विचारा. मोजायच्या पद्धती जुन्या पाठ्यपुस्तकांत छापलेल्या असतात आणि आमच्यासारख्यांचा जीव तिथेच गुंतलेला असतो. माझ्या नातवाने एकदा विचारलं, ‘आजोबा, तोफ तर बंद असते, मग आत किती जोर लागला ते कळतं कसं?’ मी खुर्ची ओढून बसलो. त्याला सांगितलं, तांब्याचा एक छोटा तुकडा घ्यायचा, करंगळीच्या पेरापेक्षाही लहान. मायक्रोमीटरने त्याची लांबी मोजून वहीत लिहायची. तो पोलादी गेजमध्ये दट्ट्याच्या पुढ्यात बसवायचा आणि ते गेज काडतुसाच्या कवचात ठेवायचं. तोफ उडाली की दट्ट्या तांब्याला चेपतो. गेज उघडलं की तुकडा मधे फुगून ढोलकीसारखा झालेला दिसतो. पुन्हा लांबी मोजायची. किती चेपला त्यावरून तक्त्यात दाब बघायचा. मोठ्या तोफेत तो हवेच्या दाबाच्या तीन हजार पटींच्या घरात जातो. तांबं दाखवतं ते खऱ्यापेक्षा थोडं कमीच, कारण पुरतं चेपून जायला त्याला वेळच मिळत नाही. सगळा खेळ सेकंदाच्या काही हजाराव्या भागात आटोपतो.

त्याचं समाधान होईना. सौ. पोळ्यांची कणीक मळत होती. तिच्याकडून गोळा मागून घेतला, सारख्या लांबीच्या आठ वळकट्या केल्या, एकेक उभी करून तिच्यावर मोल्सवर्थचा शब्दकोश वेगवेगळ्या उंचीवरून सोडला, आणि पट्टीने मोजून तक्ता तयार केला. मग त्याने मला न दाखवता एका उंचीवरून कोश टाकला आणि मी चेपलेली वळकटी बघून उंची सांगितली. वीत सांगितली, वीतच निघाली. त्या दिवशी जेवायला अडीच वाजले.

तुमच्या बाबांनी दाबच मोजला असेल असं नाही. प्रकाशावर काम केलं असेल, आवाजावर, धातूंवर, समुद्राच्या पाण्यावर. मुलाला त्यांच्यापाशी बसवा आणि हातात काहीतरी द्या : भिंग, स्टॉपवॉच, थर्मामीटर. वीज चमकल्यावर गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजायला सांगा. तीन सेकंदांना एक किलोमीटर. ते स्वतःहून दुरुस्त करायला येतील, कारण थंड हवेत आवाज थोडा हळू जातो आणि हे न सांगता त्यांना बसवणार नाही. प्रकल्पाच्या वहीत तेच लिहू द्या. शस्त्राचं नाव त्यात नसलं तरी आजोबा असतील.

आणि आईंनाही विचारा. आमच्या घरी कालनिर्णयची जुनी कॅलेंडरं सौ.ने मागच्या पाककृतींसाठी जपून ठेवली आहेत. निवृत्तीनंतर एकदा मी ती सहज उलटून पाहिली. तारखांवर निळ्या पेनाच्या बारीक खुणा होत्या. सिलिंडर लावला की गोल, दुधाचा खाडा की फुली, आणि मी घरी नसलो की टिंब. १९९२च्या कॅलेंडरवर मी टिंबं मोजली. एकशे एकेचाळीस. माझ्या आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, मुलीच्या कांजिण्या, गच्चीची गळती, सगळं त्या टिंबांच्या रांगेत होतं. मी कुठे आहे हे तिला माहीत नव्हतं. किती दिवस नाही, हे मात्र मोजलेलं होतं. तुमच्या आईंकडेही अशी काहीतरी नोंद असेल. दोघांना एकत्र बसवून ती काढा.

बारावीच्या पुस्तकात बॅलिस्टिक पेंड्युलम आहे : टांगलेल्या ठोकळ्यात गोळी मारून तिचा वेग काढायचा. गोळी ठोकळ्यात घुसताना ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम का वापरायचा नाही? सर म्हणतात, पाठ करा.
— एक विद्यार्थिनी, सांगली

पाठ करू नकोस, आकडे घालून बघ. गोळी १० ग्रॅमची, वेग सेकंदाला ४०० मीटर, लाकडी ठोकळा ४ किलोचा. संवेग (वस्तुमान गुणिले वेग) टिकतो, म्हणून घुसल्यावर दोघांचा मिळून वेग सेकंदाला जेमतेम १ मीटर. आता गतिज ऊर्जा काढ. आधी ८०० ज्यूल, नंतर फक्त २. बाकीची ७९८ ज्यूल लाकूड फाडण्यात आणि तापवण्यात गेली. ती परत येत नाही, म्हणून धडकेच्या क्षणी ऊर्जेवर विसंबायचं नाही. धडक संपल्यावर ठोकळा वर झुलतो तेव्हा मात्र ऊर्जेचा नियम चालतो. उंची येते सुमारे ५ सेंटिमीटर. दोन टप्पे, दोन नियम.

ही युक्ती बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणितज्ञाची. १७४२ साली त्याने तोफखान्यावरचं पुस्तक छापलं. त्याच्यामुळे गोळीचा वेग पहिल्यांदा भरवशाने मोजता आला आणि हवा गोळीला किती अडवते ते कळलं. तोवर लोक हवेचा अडथळा किरकोळ धरत. हा माणूस पुढे ईस्ट इंडिया कंपनीच्या किल्ल्यांचं काम बघायला आपल्याकडे आला आणि १७५१ साली कडलूरजवळच्या फोर्ट सेंट डेव्हिडमध्ये वारला. आमच्या विद्येचा हा मूळपुरुष याच मातीत गेला, हे मला नोकरीत वीस वर्षं झाल्यावर कळलं. तुला सतराव्या वर्षी कळलं, याचा आनंद आहे.

राग मानू नका. तुम्ही ज्यावर आयुष्य घालवलंत त्याने माणसं मरतात. याचं ओझं वाटत नाही का?
— एक निवृत्त शिक्षक, कोल्हापूर

सर, राग कसला. हा प्रश्न माझ्या वडिलांनी मला नोकरीचं पत्र आलं त्या दिवशी विचारला होता, आणि तेव्हा मी उत्तर दिलं नव्हतं.

वाटतं. माझं काम बहुतेक मोजमापाचं होतं, पण मोजणारा हात वेगळा आणि मारणारा वेगळा, अशी वाटणी करून मी मोकळा होणार नाही. मला बळ दिलं ते दोन गोष्टींनी. एक म्हणजे तोफेच्या मागे उभा असलेला जवान. दाब सोसण्याबाहेर गेला तर नळीच आपल्या माणसांत फुटते. बारूद उन्हात तापला की जास्त जोरात जळतो, म्हणून चाचणीआधी बारुदाचा चार्ज ठरावीक तापमानाला तासन्‌तास ठेवतात, आणि गरमातल्या गरम आणि थंडातल्या थंड हवेसाठी वेगवेगळ्या चाचण्या घेतात. राजस्थानात मे महिन्यात आणि सियाचिनवर जानेवारीत तीच तोफ चालवणारी विशी-बाविशीतली मुलं असतात. माझी एक नोंद चुकली असती तर त्यातल्या कुणाच्या तरी घरी तार गेली असती.

दुसरी गोष्ट म्हणजे दौलतसिंग कोठारी. संरक्षण मंत्र्यांचे पहिले वैज्ञानिक सल्लागार. १९४८ साली त्यांनी हे काम उभं केलं. त्याच माणसाने नेहरूंच्या सांगण्यावरून अणुस्फोट आणि त्यांचे परिणाम यांवर पुस्तक सिद्ध केलं. १९५६ साली ते आलं. शस्त्र माणसाचं काय करतं ते लोकांपासून लपवू नये, आकड्यांसकट सांगावं, हे त्यांनी स्वतः करून दाखवलं. पुढे देशाच्या शिक्षण आयोगाचे अध्यक्ष झाले ते हेच. मी त्यांच्या पासंगालाही पुरणार नाही. पण शाळांत बोलावतात तेव्हा मी रणगाड्यांची चित्रं नेत नाही. तोफगोळ्याची कपची किती वेगाने उडते आणि अंगात गेली की काय होतं, ते सांगतो. मुलं गप्प होतात. तसं व्हावं असंच मला वाटतं.

आम्ही कुटुंबासह पुरीला जात आहोत. तुम्ही लेखात चांदीपूरचा उल्लेख केला होता. वाट वाकडी करण्यासारखं आहे का?
— एक वाचक, चिंचवड

जरूर जा. ओडिशातल्याच बालासोर स्टेशनवर उतरा, तिथून चांदीपूर पंधरा-सोळा किलोमीटर. तिथला समुद्र ओहोटीला मैलोगणती आत जातो, पाच किलोमीटरपर्यंत, आणि भरतीला परत येतो. इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तोफगोळ्यांच्या चाचणीची रेंज तिथे काढली ती याच कारणाने : पाण्यात डागलेला गोळा ओहोटीत चालत जाऊन शोधून आणता येतो. रेंजच्या हद्दीत अर्थातच जाता येणार नाही, पण लोकांसाठीचा किनारा मोठा आहे. भरतीची वेळ विचारूनच आत चाला आणि लहान मुलांचा हात सोडू नका.

मी तिथे किती वेळा गेलो याचा हिशोब नाही. सौ.ला २०१२च्या जानेवारीत पहिल्यांदा नेलं. चपला सुरूच्या झाडाखाली ठेवल्या आणि ओल्या रेतीवरून आत चालत गेलो. पायाखाली लाल खेकडे बिळांत पळत होते. अर्ध्या तासाने ती थांबली, मागे वळून किनाऱ्याकडे बघितलं आणि म्हणाली, ‘म्हणजे तुम्ही इथे असायचात.’ मी हो म्हणालो. मग समुद्र फिरायच्या आत आम्ही परत निघालो.