खिडक्या बदलताय? आधी दरात काय काय आहे ते विचारा

पुण्यातल्या कोथरूडच्या जुन्या इमारतीतल्या गंजलेल्या लोखंडी खिडक्या बदलताय, हे उत्तमच. फक्त घाई नको.

नवख्यांची नेहमीची चूक म्हणजे नुसत्या चौरस फुटाच्या दरावरून कोटेशन निवडणं. ४ बाय ५ फुटांची खिडकी म्हणजे २० चौरस फूट, हा हिशोब सोपा. पण काच किती मिलिमीटरची? डासांच्या जाळीचा वेगळा ट्रॅक, जुनी चौकट काढणं, गिलावा, सिलिकॉन, १८ टक्के जीएसटी धरलाय का? सगळं लेखी घ्या. स्वस्त वाटलेलं कोटेशन बहुतेक वेळा इथेच महाग होतं.

बाकी एवढंच बघा:

- यूपीव्हीसी (कडक प्लास्टिकच्या चौकटीची खिडकी) घेणार असाल, तर आत स्टीलची पट्टी आहे ना, कापलेला तुकडा हातात घेऊन तपासा.
- पुण्यात पाऊस पश्चिमेकडून झोडपतो. खालच्या ट्रॅकला पाणी निघायची भोकं हवीत आणि बाहेरच्या कडप्प्याला बाहेरच्या बाजूला उतार हवाच, नाहीतर भिंतीला ओल येणार.
- सोसायटीची लेखी परवानगी आधी घ्या.

दोन पल्ल्यांची स्लायडिंग खिडकी अर्धीच उघडते. स्वयंपाकघरासाठी हे ध्यानात ठेवा. दुहेरी काचेचा विचार सध्या सोडा. काम पावसाळ्याआधी, मे संपायच्या आत उरका, आणि कारागिराने स्वतः येऊन मापं घेतल्याशिवाय ॲडव्हान्स देऊ नका.