सॅडल घेतलीस, आता सावकाश चढ

झाडावर दोराच्या आधाराने बसायची सॅडल (कमरेला बांधायचा पट्ट्यांचा झोला) घेतलीस, छान केलंस! अमेरिकेत ती शिकारी वापरतात. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्यानुसार शिकारीवर बंदी, पण पक्ष्यांच्या फोटोंसाठी बैठक उत्तम.

शिडी, स्टिक (खोडाला पट्ट्याने बांधायच्या छोट्या पायऱ्या) की दोरावरची चढाई? सुरुवातीला स्टिकच. दोरावर गाठी जास्त, म्हणून चुकाही जास्त. आधी कमरेएवढ्या उंचीवर सराव कर.

नवखे हमखास चुकतात ते इथे:
- वर पोचल्यावर सुरक्षेचा दोर बांधतात. पाय जमिनीवर असतानाच तो खोडाभोवती हवा. फांदी आली की दुसरा दोर वर लावायचा, मगच पहिला सोडायचा.
- दोर ढिला ठेवतात. हा दोर फारसा ताणत नाही, झटका थेट कमरेत बसतो.

वडोदऱ्यात वड पुष्कळ, पण पारंबीवर भार टाकू नकोस. शेवगा तर नकोच, फार ठिसूळ. आणि खाली कुणीतरी असल्याशिवाय चढायचं नाही.