लेकीच्या अंगठीसाठी ३० सेंटचा (०.३० कॅरेट) हिरा घ्यायचाय. नागपूरचा सराफ ‘व्हीव्हीएसच घ्या’ म्हणतो, एसआय घेतला तर चालेल का?

चालते नं भाऊ, पण खडा पाहून.

ही अक्षरं हिऱ्याच्या आतल्या डागा-रेषांची प्रतवारी सांगतात, चमक नाही. चमक कटावर, म्हणजे पैलू कसे पाडलेत त्यावर असते. तपासणी दहापट भिंगाखाली होते. वरून खाली उतरंड अशी: एफएल (एकदम निर्दोष), आयएफ, व्हीव्हीएस, व्हीएस, एसआय, आय (सगळ्यात जास्त डागांचा). व्हीव्हीएस आणि व्हीएसमधला फरक नुसत्या डोळ्यानं दिसतच नाही. त्यासाठी कापूस विकून आलेले पैसे कशाला घालवायचे? ३० सेंटच्या गोल खड्यात एसआय-१ (एसआयमधली वरची प्रत) बहुतेक वेळा साफच दिसतो. चौकोनी एमराल्ड कट असेल तर मात्र व्हीएसच्या खाली उतरू नका, त्याच्या सपाट पैलूंतून सगळं आरपार दिसतं.

एकाच प्रतीचे दोन खडेही सारखे नसतात. डाग कुठं आहे ते पाहा. वरच्या सपाट पैलूच्या मधोमध काळा ठिपका असेल तर सोडून द्या. कडेला पांढुरका असेल तर बसवताना दांड्याखाली झाकता येतो. कडेपर्यंत आलेली चीर मात्र नको, ठोकर लागली की तिथूनच टवका उडण्याची भीती. शेतात-घरात राबणाऱ्या हातात ठोकर लागायचीच.

इतवारीतल्या दुकानांत दिव्यांच्या झोतात सगळंच लखलखते. खडा दारापाशी, साध्या उजेडात पाहायला मागा. जीआयए किंवा आयजीआय या हिरे तपासणाऱ्या संस्थांचा दाखला घ्या, त्यावरचा नंबर त्यांच्या वेबसाइटवर टाकून पाहा. बऱ्याच खड्यांच्या कडेवर तोच नंबर लेझरनं कोरलेला असतो, भिंगातून दाखवा म्हणा.