वारा आणि वारं

प्रश्न असा आहे : आपण ‘वारा सुटला’ म्हणतो, मग ‘त्याला शहराचं वारं लागलं’ असं का? हे शब्द दोन की एकच?

अर्थाने जुळे, लिंगाने वेगळे. वारा पुल्लिंगी; वारे, म्हणजे बोलण्यातलं वारं, नपुंसकलिंगी. हवेबद्दल बोलताना दोन्ही चालतात. ‘गार वारं सुटलंय’ हे गावाकडे सर्रास ऐकू येतं. लाक्षणिक अर्थांत मात्र एक वाटणी दिसते आणि मला ती फार देखणी वाटते : माणसाच्या आत शिरतं, ते बहुधा वारं. देवीचं वारं अंगात येतं. कानात वारं शिरलेलं वासरू उधळतं. अंगावरून वारं गेलं म्हणजे पक्षाघात झाला. आयुर्वेदही पक्षाघात वातव्याधींतच धरतो, त्यामुळे या प्रयोगाला नुसता अलंकार समजू नये. त्यात जुन्या निदानाची भाषा आहे. शहराचं वारं लागणं याच ओळीतलं. बाहेरचं काहीतरी आत गेलं आणि वागणं बदललं.

वारा बाहेर राहतो. सुटतो, फिरतो, पडतो. (पाऊस पडला म्हणजे आला, वारा पडला म्हणजे थांबला! खळ्यावर उफणणी करणाऱ्याला हे सांगावं लागत नाही.) ‘वारा वाहील तशी पाठ द्यावी’ या म्हणीतही तो बाहेरूनच येतो. ‘लेकीला बाहेरचा वारा लागू दिला नाही’ हे वाक्य आधी अपवाद वाटतं, पण तिथेही भीती नुसत्या स्पर्शाची आहे. भूगोलातले खारे वारे, मतलई वारे, मोसमी वारे हे तर उघडच पुल्लिंगी अनेकवचन.

खरी अडचण लेखी मराठीत येते. ‘निवडणुकीचे वारे वाहू लागले’ हे अनेक वारे की एकच वारे? छापील रूपावरून कळणार नाही, कारण दोन्हींचं लेखन तंतोतंत सारखं होतं. बोलताना कळतं : कुणी ‘निवडणुकीचं वारं वाहू लागलं’ म्हणतं, कुणी ‘निवडणुकीचे वारे’. दोन्ही बरोबर.

विभक्ती लागली की भेद पुरता मिटतो, दोन्हींचं सामान्यरूप ‘वाऱ्या-’. म्हणून ‘पोरांना वाऱ्यावर सोडलं’ किंवा ‘तो माझ्या वाऱ्यालाही उभा राहत नाही’ यांत मूळ शब्द वारा की वारं, हे व्याकरणाने ठरवता येत नाही. अर्थावरून मी दोन्हीकडे वारा धरेन.