चीनमधल्या वुडांग पर्वताचा इतिहास वाचायला घेताय?

एक सांगतो, दंतकथेतला ताओवादी साधू चांग सानफंग याच्यापासून सुरुवात करू नका. ताई-ची ही युद्धकला त्यानेच शोधली वगैरे गोष्टी रंगतदार आहेत, पण आख्यायिकाच. आधी चीनच्या मिंग घराण्यातल्या सम्राट योंगलला धरा. पुतण्याला हटवून १४०२ मध्ये गादी बळकावलेला हा गृहस्थ. उत्तरेचा देव चेन-वू आपल्या पाठीशी आहे, हे दाखवणं त्याला भागच होतं. म्हणून तर १४१२ पासून हुबेई प्रांतातल्या, चेन-वूचं स्थान मानल्या जाणाऱ्या या डोंगरावर एवढी प्रचंड बांधकामं निघाली. भक्ती किती आणि राजकारण किती, हे तुम्हीच ठरवा!

मग शिखरावरचं १४१६ चं सुवर्णमंदिर. फोटो मोठा करून बघा: कौलं, तुळया, दारं, सगळी लाकडी घडण वाटते, पण आहे सोन्याचा मुलामा दिलेलं ब्राँझ. सुटे भाग बीजिंगला ओतून जलमार्गाने आणलेले. त्याच्याही आधीचं, १३०७ चं छोटं ब्राँझमंदिर जवळच एका दालनात आहे. भिंत आणि मंदिर यांतल्या चिंचोळ्या फटीतून लोक अंग चोरून प्रदक्षिणा घालतात. पुस्तकं त्याला दोन ओळींत उरकतात, तुम्ही तसं करू नका.

आणि हो, जुने फोटो वापरताना साल तपासा. वुडांगच्याच यूझेन महाल या मंदिरसंकुलाचं मुख्य दालन २००३ च्या आगीत गेलं.