अमेरिकेतल्या हायस्कूलमध्ये स्प्रिंगला मुलं काय काय करतात, आणि अवॉर्ड्स नाइटला नाव नसलं तर बिघडतं का?

तुमचा प्रश्न वाचून आमचा इथला पहिला फेब्रुवारी आठवला. तुम्ही जानेवारीत आलात, मुलगी नववीत सरकारी हायस्कूलला जाते, शाळेच्या ईमेलांचा रतीब सुरू झालाय आणि मे महिन्यात अवॉर्ड्स नाइट, म्हणजे शाळेचा बक्षीस समारंभ, असते हे कळल्यापासून तुम्हाला घोर लागलाय की त्यात तिचं नाव यायला आत्ता तिला कशाकशात घालावं. माझी दोन्ही मुलं या चक्रातून पार पडली आहेत, म्हणून स्पष्ट सांगतो: यंदाच्या अवॉर्ड्स नाइटचा नाद सोडा आणि तिला ट्रॅकमध्ये, म्हणजे शाळेच्या धावण्या-उड्यांच्या संघात, घाला.

नाद सोडा म्हणतो, कारण स्प्रिंगमध्ये ज्यांच्यासाठी टाळ्या वाजतात त्या गोष्टींची पेरणी आधीच होऊन गेलेली असते. सायन्स फेअरचं घ्या. विभागीय फेरी फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास, मग राज्याची, आणि मे महिन्यात आयसेफ, म्हणजे आंतरराष्ट्रीय. 1950 मध्ये फिलाडेल्फियात सुरू झालेल्या या मेळाव्यात आता साठाहून जास्त देशांतली दीडेक हजार मुलं येतात. पण माणसांवर किंवा प्राण्यांवर काही करून बघायचं असेल, अगदी वर्गातल्या मुलांची साधी प्रश्नावली असली तरी, प्रयोग सुरू करण्याआधी समितीची मंजुरी लागते. आधी प्रयोग आणि मग फॉर्म असं झालं की प्रकल्प बाद. म्हणजे ज्यांची पोस्टरं तुम्ही मार्चमध्ये बघाल त्यांचे कागद शरद ऋतूतच सह्या होऊन गेलेले असतात.

गणिताचंही तेच. फेब्रुवारीतली एआयएमई ही परीक्षा मला स्वतःला फार आवडते. तीन तास, पंधरा प्रश्न, पर्याय नाहीत, प्रत्येक उत्तर 0 ते 999 मधली एक पूर्ण संख्या. पण तिथे बसायला नोव्हेंबरच्या सुमारास होणाऱ्या एएमसी या गणिताच्या स्पर्धेत चांगले गुण हवेत. नॅशनल मेरिट या शिष्यवृत्तीचं तर विचारूच नका: अकरावीच्या ऑक्टोबरात पीएसएटी ही परीक्षा द्यायची, आणि देशभरातल्या सुमारे 15,000 अंतिम निवडीत आपण आहोत हे कळतं बारावीच्या फेब्रुवारीत. पेपर देताना जो मुलगा होता त्याला तोवर मिशी आलेली असते.

रोबॉटिक्सबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण माझा थोरला चार वर्षं तिथेच राहायला होता असं म्हटलं तरी चालेल. डीन केमन यांनी 1989 मध्ये फर्स्ट ही संस्था काढली आणि 1992 पासून स्पर्धा सुरू झाल्या. हायस्कूलच्या मोठ्या स्पर्धेचा त्या वर्षीचा खेळ जानेवारीच्या सुरुवातीला सगळ्यांना एकाच दिवशी जाहीर होतो, आणि त्यानंतर दोनेक महिने मुलं घरी फक्त झोपायला येतात. तुम्ही सामान उघडत होतात तेव्हा तुमच्या शाळेचा संघ चाकं जोडत असणार. स्पर्धा मार्चमध्ये सुरू होतात, शेवट एप्रिलमध्ये ह्यूस्टनला. मजा अशी की तिथला सर्वांत मोठा मान जिंकणाऱ्या रोबॉटला मिळत नाही. तो इम्पॅक्ट अवॉर्ड. वर्षभर आपल्या भागातल्या लहान मुलांपर्यंत, दुसऱ्या संघांपर्यंत पोहोचून काम केलेल्या संघाला तो देतात. आमच्या संघाचा रोबॉट एका सामन्यात मधोमध बंद पडला, बॅटरीची जोडणी सैल राहिली होती, आणि जोडणी तपासायचं काम माझ्याच चिरंजिवांकडे होतं. पुढच्या सामन्याआधी ज्या मुलाने पळत येऊन स्वतःकडची केबल दिली तो समोरच्या संघातला होता. पोराने घरी येऊन हरल्याचं एका वाक्यात सांगितलं आणि त्या केबलचं अर्धा तास. तुमच्या लेकीला यात रस असेल तर आत्ता नुसतं बघायला जाऊ द्या, नाव सप्टेंबरात घाला.

आता ट्रॅक. धावणं, उड्या, गोळा, थाळी असं सगळं मिळून ट्रॅक अँड फील्ड. स्प्रिंगच्या इतर खेळांमध्ये, म्हणजे सॉफ्टबॉल, टेनिस, लॅक्रोस वगैरेंत, ट्रायआउट, म्हणजे निवड चाचण्या, असतात आणि तीन दिवसांनी दारावर यादी लागते. नव्या मुलीसाठी ती यादी जीवघेणी. ट्रॅकमध्ये बऱ्याच शाळा कुणालाच वगळत नाहीत. जो येईल तो संघात. देशभरात हायस्कूलच्या मुली सर्वांत जास्त संख्येने हाच खेळ खेळतात, त्यामुळे तिला एकटं वाटायला वेळच मिळणार नाही.

माझी धाकटी धावणारी नव्हती. शाळेची बस चुकू नये एवढ्यापुरतं धावणं तिला माहीत. कोचने तिला 3200 मीटरला घातलं. (इथली हायस्कुलं ऑलिंपिकसारखं 1500 धावत नाहीत, 1600 आणि 3200 धावतात, म्हणजे बरोबर चार आणि आठ फेऱ्या. अडथळ्यांची लांब शर्यतही 400 ऐवजी 300 ची. इंच-मैलांच्या देशात ट्रॅक मात्र मीटरचा, याचं मला अजून हसू येतं.) पहिल्या मीटला, म्हणजे शाळाशाळांच्या स्पर्धेला, मी लांब उडीच्या खड्ड्यातली वाळू सारखी करायला दंताळं घेऊन उभा होतो, पालकांना अशी कामं वाटून देतात. बोचरा वारा सुटलेला. शेवटच्या फेरीची घंटा पुढच्या मुलींसाठी वाजली तेव्हा आमची बाई सहाव्या फेरीत होती. बाकीच्या संपवून पाणी प्यायल्या तरी ही एकटी पळतेय. मला खड्ड्यातच गाडून घ्यावंसं वाटत होतं. तेवढ्यात गोळाफेकीची धिप्पाड मुलं कठड्यापाशी आली आणि तिच्या नावाने ओरडायला लागली. त्यात दुसऱ्या शाळेचीही होती. ती आली, 15 मिनिटं 40 सेकंद. कोचने क्लिपबोर्डवर वेळ लिहिली आणि म्हणाली, "छान, आता आपल्याकडे आकडा आहे."

त्या आकड्यातच सगळी गंमत. पुढच्या मीटला 15:02, मग 14:31, मे महिन्यात 13:48. दर वेळी कोच जुन्या वेळेवर रेघ मारून नवी लिहायची आणि शेजारी पीआर, म्हणजे स्वतःचा विक्रम. क्रमांक तेव्हाही शेवटून दुसरा. पण घरी जेवताना आमच्याकडे क्रमांकाचा विषय निघेनासा झाला, आणि खरं सांगायचं तर तो आधी मीच काढायचो.

शिवाय दोन शाळांची मीट असली तर गुण पहिल्याला पाच, दुसऱ्याला तीन, तिसऱ्याला एक, अशी पद्धत सर्रास असते. एकदा 300 मीटर अडथळ्यांना तीनच मुली उभ्या राहिल्या, त्यातली एक आमची, जिने अडथळे जेमतेम आठवडाभर बघितले होते. ती तिसरी आली, एक अडथळा पाडून. संघाला एक गुण. तो गुण तिने आजवर इतक्यांना सांगितलाय की आमच्या कॉलनीत तिला अडथळ्यांची राणी समजत असतील. रिलेत घेतलं तर मात्र सावध: बॅटन आखून दिलेल्या पट्ट्यातच हातात पडला पाहिजे, बाहेर दिला की अख्खा संघ बाद. वेळेआधी सुटलात तर पहिल्याच चुकीला बाहेर. नवख्या मुली रोज अर्धा तास नुसतं देणं-घेणं करत बसतात, आणि मैत्र्या तिथेच जुळतात.

पळायचंच नसेल तर शाळेच्या नाटकाची स्टेज क्रू. स्प्रिंग म्युझिकलची गाणारी मंडळी डिसेंबर-जानेवारीतच निवडली जातात, पण पडद्यामागे रंगवायला, खिळे ठोकायला, दिवे सांभाळायला माणसं शेवटच्या आठवड्यापर्यंत कमीच पडतात. नाव कार्यक्रमपत्रिकेत बारीक अक्षरांत येतं. येतं मात्र नक्की.

आता त्या अवॉर्ड्स नाइटकडे. पुढे कधी गेलात तर ऐकताना थोडं उलगडून घ्यावं लागतं. नॅशनल ऑनर सोसायटी ही गुणी विद्यार्थ्यांची 1921 पासूनची संस्था. तिचे सभासद दहावी ते बारावीचेच होतात, तेव्हा नववीतल्या मुलीचं नाव तिथे नसणारच. संगीताच्या सोलो अँड एन्सेंबलमध्ये, म्हणजे एकट्याने किंवा छोट्या गटाने वाजवायच्या स्पर्धेत, पुष्कळ ठिकाणी क्रमांक नसतो, श्रेणी असते, एक ही सर्वोत्तम. मुलाने क्लॅरिनेट वाजवून "मला वन मिळालं" असा फोन केला तेव्हा आम्ही नातेवाइकांना पेढे वाटायच्या बेतात होतो. मग कळलं की त्या दिवशी त्या खोलीत आणखी अकरा जणांना वन मिळालं होतं. त्याने त्याचं वाजवणं कमी झालं नाही, पण फोन जरा थांबून करायला हवे होते. खेळातलं व्हार्सिटी लेटर म्हणजे शाळेच्या नावाचं कापडी अक्षर, जाकिटावर शिवायचं. ही चाल 1865 मध्ये हार्वर्डच्या बेसबॉल संघाने सदऱ्यावर एच लावला तिथपासूनची. ते कसं मिळतं हे प्रत्येक कोच मोसमाच्या सुरुवातीला सांगतो, तेव्हा विचारून ठेवा.

आणि पोस्टाने सोनेरी शिक्क्याचं पाकीट येईल की तुमच्या मुलीची नेतृत्व परिषदेसाठी खास निवड झाली आहे, फक्त एवढी फी भरा. आम्ही भरली. नाव सांगत नाही, पण हॉटेलातल्या तीन दिवसांच्या व्याख्यानांचं ते प्रमाणपत्र अजून फाइलमध्ये आहे, आणि पोराने ते कुठल्याही अर्जात लिहिलं नाही. कॉलेज प्रवेशाच्या कॉमन अॅपमध्ये, म्हणजे अनेक कॉलेजांना चालणाऱ्या सामाईक अर्जात, उपक्रमांना दहा जागा असतात, वर्णनाला प्रत्येकी 150 अक्षरं, आणि मानसन्मानांना पाच. अशा पाकिटाला त्यातली जागा द्यावीशी मुलांनाच वाटत नाही.

या हंगामातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट सगळ्यात कंटाळवाणी आहे: पुढच्या वर्षीचे विषय निवडायचा फॉर्म. साधारण जानेवारी ते मार्च यात तो येतो आणि दहा ईमेलांखाली गाडला जातो. तुमची मुलगी भारतातून आलीय, तर गणिताच्या कुठल्या पायरीवर तिला बसवलंय ते काउन्सेलरला भेटून तपासा. शाळेने सावधगिरी म्हणून एक पायरी खाली ठेवलं असेल तर ते आत्ता बदलतं, ऑगस्टमध्ये वर्ग भरलेले असतात. बारावीला कॅल्क्युलस घेता येईल की नाही हे या कागदावर ठरत जातं. एपी, म्हणजे कॉलेजच्या पातळीच्या विषयांच्या, परीक्षांची इतक्यात काळजी नको. त्या मेच्या पहिल्या दोन आठवड्यांत होतात, गुण एक ते पाच, निकाल जुलैत, तेव्हा अवॉर्ड्स नाइटला त्यांचा पत्ताही नसतो.

एक शेवटचं, जे आम्हाला फार उशिरा कळलं. बऱ्याच शाळांत बारावीच्या मुलांना सील ऑफ बायलिटरसी मिळतं. इंग्रजीखेरीज आणखी एक भाषा वाचता, लिहिता, बोलता येते याचा तो शिक्का. कॅलिफोर्नियाने 2011 मध्ये त्याचा कायदा केला, मग बाकीची राज्यं आली. नियम राज्यागणिक वेगळे, पण मराठीची परीक्षा देऊन तो मिळवणारी मुलं आहेत. बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या, म्हणजे इथल्या मराठी मंडळांच्या शिखर संस्थेच्या, मराठी शाळांत याची चौकशी करा. तुमची मुलगी नववीपर्यंत भारतात शिकलेली, तिला ही परीक्षा अवघड जाऊ नये, फक्त पुढची तीन वर्षं तिचं मराठी लिहिणं सुटू देऊ नका. माझ्या धाकटीचं बोलणं फक्कड आहे आणि जोडाक्षर आलं की पेन थांबतं, म्हणून तिला तो मिळाला नाही. त्यात चूक आमची.

तर आज करायचं काम एवढंच: ट्रॅकसाठी डॉक्टरांच्या सहीचा फिजिकल, म्हणजे तब्येत तपासणीचा, फॉर्म लागतो, तो नसेल तर पहिल्या दिवशी सरावाला उभं करत नाहीत, आणि फेब्रुवारीत डॉक्टरांची वेळ पटकन मिळत नाही. आजच फोन करा. खिळ्यांचे बूट इतक्यात घेऊ नका, साधे धावायचे पुरतात. आणि पहिल्या मीटला जाताना घडीची खुर्ची आणि जाड पांघरूण न्या. मीट चारला सुरू होते, पण 3200 शेवटच्या शर्यतींपैकी; आमच्याकडे ती सातच्या आत कधी सुटल्याचं मला आठवत नाही.